सहकारी गेल्यावरचा शोक आणि त्यांचे अपुरे राहिलेले काम

वाचकाचे पत्र

मी नागपूरच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. आमचे विभागप्रमुख मागच्या महिन्यात पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय 54. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते विभागात होते. 17 वर्षे आम्ही एकाच खोलीत समोरासमोरच्या टेबलांवर बसत होतो. अंबाझरी घाटावरच्या शोकसभेत अचानक माझे नाव पुकारले गेले आणि मला दोन वाक्यांपलीकडे बोलता आले नाही. आता महाविद्यालयात रीतसर श्रद्धांजली सभा आहे, वार्षिकांकासाठी लेख लिहायचा आहे आणि सरांच्या नावाने काहीतरी सुरू करावे असा सगळ्यांचा आग्रह आहे. सरांकडे पीएच.डी. करणारे चार विद्यार्थी रोज माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहतात. सर मोडी ही मराठीची जुनी लिपी वाचत. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरांतून मिळालेल्या कागदांचे लिप्यंतर त्यांनी वह्यांमध्ये केले आहे: डाव्या पानावर मोडी ओळ, उजव्या पानावर बाळबोध म्हणजे देवनागरी, आणि जिथे अक्षर लागले नाही तिथे लाल शाईचे प्रश्नचिन्ह. वहिनींनी त्या वह्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि “आता तुम्हीच बघा” एवढेच म्हणाल्या. मी ते कपाट अजून उघडलेले नाही. घरी म्हणतात, “नात्यातले तर नव्हते ना, मग इतके काय मनाला लावून घेतेस?” स्टाफरूममधल्या एकदोघांच्या नजराही मला कळतात. आणखी एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. शेवटच्या दिवशी वेळापत्रकावरून आमची बोलाचाली झाली होती आणि मी “येते” असेही न म्हणता निघून आले. मी काय करावे?

एक सहयोगी प्राध्यापिका, नागपूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

ताई, घरच्यांनी विचारलेल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो प्रश्न तुम्ही स्वतःलाही विचारत आहात असे तुमच्या पत्रातून दिसते. आपल्याकडे शोकाची वाटणी नात्यावरून ठरलेली आहे. सुतक कोणाला, किती दिवस, दहाव्याला कोणी जायचे, तेरवीला आणि गोडजेवणाला कोणी बसायचे, रामटेकच्या अंबाळा तलावावर अस्थी घेऊन कोणी जायचे, हे सगळे सांगणारी रीत आहे आणि त्या रीतीमुळे घरच्या माणसांचे निदान पहिले दोन आठवडे कसेबसे निघून जातात. सहकाऱ्यासाठी मात्र त्या रीतीत कोणतीच जागा नाही. तुम्ही घाटावर गेलात, परत येऊन आंघोळ केलीत आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या तासाला हजेरी घेतलीत. जागेपणीचा दिवसाचा मोठा भाग ज्यांच्यासमोर 17 वर्षे गेला, ज्यांच्याशी अभ्यासक्रमापासून उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांपर्यंत प्रत्येक गोष्ट बोलली गेली, त्या माणसाचे जाणे एका आंघोळीत कसे संपावे? अमेरिकेतील अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा शोकाची स्वतंत्र मांडणी केली होती. समाज ज्याची दखल घेत नाही, ज्याला रजा नाही, ज्याबद्दल कोणी भेटायला येत नाही, तो शोक अधिक काळ आत राहतो आणि अधिक अवघड होतो, असे त्यांचे म्हणणे आहे. तुमच्या बाबतीत तेच घडते आहे.

घरच्यांचा प्रश्न दुष्टपणाचा नाही. त्यांना तुमचे 17 वर्षांचे दिवस दिसलेले नाहीत, त्यांना फक्त संध्याकाळी दमून आलेल्या तुम्ही दिसता. “मला फार वाईट वाटते” असे पुन्हापुन्हा सांगण्यापेक्षा त्यांना एखादी नेमकी गोष्ट सांगा: सर कोणता कागद कसा वाचायचे, कोणत्या चुकीबद्दल त्यांनी तुम्हाला कधी टोकले होते, तुमचा पहिला शोधनिबंध त्यांनी किती वेळा परत केला होता. माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला की घरच्यांनाही दुःखाचे कारण वेगळे विचारावे लागत नाही.

स्टाफरूममधल्या नजरांबद्दल थोडक्यात सांगते. एका स्त्रीने पुरुष सहकाऱ्यासाठी रडावे, हे आजही काही लोकांना सरळपणे पाहता येत नाही. त्यांना खुलासा देऊ नका आणि त्यांच्यासाठी आपला शोक आवरताही घेऊ नका. जे करायचे ते उघडपणे, विभागाचे काम म्हणून, इतरांना सोबत घेऊन करा. कपाटाच्या बाबतीत तर ते कामाच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

आता त्या बोलाचालीबद्दल. तुम्ही पत्रात स्पष्ट लिहिलेले नाही, पण त्या ओळीच्या मागे एक भीती आहे: आपल्या बोलण्याने तर काही झाले नसेल ना? असा झटका एका संध्याकाळच्या वादाने येत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या आत मेदाचा थर वर्षानुवर्षे साठत जातो, एखाद्या क्षणी तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि पुरवठा बंद होतो. पहाटेपासून सकाळपर्यंतच्या काळात रक्तदाब वाढतो आणि रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते, म्हणून असे झटके त्या वेळात अधिक येतात, हे डॉक्टरांना बऱ्याच काळापासून माहीत आहे. वेळापत्रकाचा त्याच्याशी संबंध जोडू नका.

राहिले ते “येते” न म्हणणे. ज्यांच्याशी उद्या पुन्हा भेटायचेच आहे त्यांच्याशीच माणूस असा अर्धवट वाद टाकून निघतो. सरांनाही त्या संध्याकाळी हेच वाटले असणार की उद्या सकाळी शनिवारचे तास पुन्हा मांडून बघू. 17 वर्षांत असे वाद कितीतरी झाले असतील आणि ते कसे मिटले हेही तुम्हाला आठवत असेल. त्या सगळ्या वर्षांचा निकाल शेवटच्या दहा मिनिटांवर लावू नये, असे मला अगदी मनापासून वाटते. ही गोष्ट एका विश्वासाच्या माणसाला सांगा, म्हणजे ती एकटीने बाळगावी लागणार नाही. पण ती सभेत सांगू नका आणि वहिनींनाही आत्ता सांगू नका. सभेत ती सांगितली तर लोक तुमचे सांत्वन करू लागतील, आणि वहिनींना सांगितली तर स्वतःच्या दुःखात त्यांना तुमची समजूत घालावी लागेल.

सभेकडे वळू. नागपुरात घाटावरच शोकसभा घेण्याची पद्धत आहे. चितेला अग्नी दिल्यानंतर मंडळी शेडखाली उभी राहतात, कोणीतरी एकेकाचे नाव पुकारते आणि धुरात, उन्हात, मोबाइल वाजत असताना माणसे बोलतात. तिथे दोन वाक्यांपलीकडे बोलता न येणे ही कमतरता मानण्याचे कारण नाही. घाटावर लांबलचक आणि सफाईदार बोलणाऱ्यांपेक्षा तुमची ती दोन वाक्ये घरच्यांच्या लक्षात राहिली असतील, असे मला वाटते.

महाविद्यालयातील सभा वेगळी आहे, तिची तयारी करता येते, आणि ती तयारी विभागाच्या हातात असावी यासाठी तुम्ही प्राचार्यांशी आताच बोला. वक्ते पाचच ठेवा. प्राचार्य, विभागातून तुम्ही, एक आजी संशोधक विद्यार्थी, एक माजी विद्यार्थी आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांपैकी एक जण. हे पाचवे नाव मी आग्रहाने सांगते आहे. जुने कागद वाचणाऱ्या प्राध्यापकाला सर्वांत जवळून पाहिलेले असते ते ग्रंथालयातील परिचराने, कारण बंद व्हायच्या वेळी दिवे मालवायला तो आलेला असतो आणि हे गृहस्थ भिंग घेऊन बसलेले असतात. त्याला फार तर दोन मिनिटे बोलता येईल, पण ती दोन मिनिटे इतर कोणाला देता येणार नाहीत. घरच्यांना पहिल्या रांगेत बसवून चौदा भाषणे ऐकायला लावू नका. संस्थेचे पदाधिकारी येतील, त्यांची नावे आदराने घ्या, त्यांनी पुष्प अर्पण करावे, पण प्रत्येकाने बोललेच पाहिजे असे नाही. हे प्राचार्यांना सांगणे अवघड असते, हे मला ठाऊक आहे. “वहिनींना फार वेळ बसवत नाही” हे कारण खरे आहे आणि ते पुरेसेही आहे.

तुमचे भाषण पाच मिनिटांचे असू द्या आणि ते पूर्ण लिहून काढा. “अपरिमित हानी”, “न भरून निघणारी पोकळी”, “ज्ञानाचा वटवृक्ष कोसळला” ही वाक्ये लिहू नका. ती खोटी नसतात, पण ती कोणाच्याही बाबतीत चालतात, आणि सर कोणीही नव्हते. तुम्ही पत्रात ज्या वह्यांचे वर्णन केले आहे ते सभेत जसेच्या तसे सांगा. डाव्या पानावर मोडी, उजव्या पानावर बाळबोध आणि मध्येच एक लाल प्रश्नचिन्ह. ज्या माणसाला नागपुरात मोडीचा जाणकार म्हणून ओळखले जात होते, तो आपल्या खाजगी वहीत, जिथे कोणी बघणार नव्हते तिथेही, “हे अक्षर मला लागलेले नाही” असे लिहून ठेवत होता. त्यांच्या विद्वत्तेबद्दल आणि स्वभावाबद्दल यापेक्षा अधिक सांगण्याची गरज मला वाटत नाही. भाषणाची एक प्रत शेजारी बसलेल्या सहकाऱ्याकडे द्या. मध्येच आवाज फुटला तर त्यांनी उरलेले वाचावे. रडू आले तर थांबा, पाणी प्या, माफी मागू नका.

वार्षिकांकातील लेखाला घाई करू नका. अंकाच्या मुदतीत आता फक्त एका पानाचा परिचय द्या आणि त्यात तारखा, पदव्या, लेखांची शीर्षके महाविद्यालयातील सेवापुस्तकावरून आणि सरांनी स्वतः भरलेल्या शेवटच्या अहवालावरून तपासून घ्या. स्मृतिलेखांमध्ये चुका फार होतात आणि पुढे त्याच चुका संदर्भ म्हणून फिरत राहतात. मोठा लेख वर्षभराने लिहा. तोवर त्यांच्या वह्या तुम्ही वाचलेल्या असतील.

विद्यार्थ्यांचा प्रश्न मात्र वर्षभर थांबणार नाही. ते रोज येऊन उभे राहतात, कारण त्यांचे दुःखही आहे आणि त्यांची मुदतही चालू आहे, आणि यांपैकी दुसऱ्या गोष्टीबद्दल आत्ता विचारावे की नाही हे त्यांना कळत नाही. तुम्हीच विषय काढा. चौघांना एकत्र बसवून स्पष्ट सांगा की मार्गदर्शक बदलण्यासाठी विद्यापीठाकडे अर्ज करणे हा सरांचा अनादर होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.साठी प्रवेशापासून कमाल सहा वर्षे मिळतात आणि पुनर्नोंदणीने आणखी दोन. स्त्री संशोधकांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत आहे. चौघांपैकी ज्याची मुदत सर्वांत जवळ आली आहे त्याचा अर्ज आधी जाऊ द्या. अर्ज विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाकडे संशोधन केंद्रामार्फत जातो आणि समितीच्या बैठका रोज होत नाहीत, म्हणून पुढची बैठक केव्हा आहे ते आजच विचारून घ्या.

चौघांनाही आपल्याकडे घेण्याचे वचन भावनेच्या भरात देऊ नका. सहयोगी प्राध्यापकाला एका वेळी सहाच विद्यार्थी घेता येतात आणि तुमच्याकडे आधीचे असतीलच. शिवाय विषय महत्त्वाचा आहे. ज्याचा विषय खरोखर मोडी कागदांवर उभा आहे त्याला मोडी येणारा मार्गदर्शक लागेल, मग तो अमरावतीचा असो वा छत्रपती संभाजीनगरचा. विद्यार्थ्यांना आणखी एक सांगा: प्रबंधाच्या ऋणनिर्देशात सरांचे नाव मार्गदर्शक म्हणून कसे आणि कोणत्या कालावधीसाठी यावे, हे नव्या मार्गदर्शकाशी सुरुवातीलाच ठरवून घ्यावे. सरांनी तपासलेल्या प्रकरणांच्या प्रती, त्यांच्या हस्ताक्षरातील सूचनांसह, प्रत्येकाने जपून ठेवाव्यात आणि त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत.

आता कपाट. मला या पत्रातील सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते, आणि तुम्ही ते उघडले नाही याचे कारणही मला समजते. उघडले की सर गेले हे पुन्हा एकदा खरे होणार. तरीही ते उघडायला हवे, आणि येत्या पावसाळ्याच्या आत उघडायला हवे. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कागद ठिसूळ होतो, त्यानंतरच्या दमट महिन्यांत बुरशी धरते, आणि कसर व वाळवी यांना रजा नसते.

आपल्या परंपरेत याची फार मोठी उदाहरणे आहेत आणि ती तुम्हाला बळ देतील. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले. आयुष्यभर गावोगाव फिरून त्यांनी जमवलेली कागदपत्रे मागे राहिली. भास्कर वामन भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ हळहळ व्यक्त केली नाही. 1927 च्या जानेवारीतच धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले, ती दप्तरे तिथे जतन झाली आणि पुढे धातुकोशासारखे त्यांचे काम त्यांच्या मागे छापले गेले. दुसरे उदाहरण शिलालेखांचे. गुप्त घराण्यातील राजांच्या लेखांच्या संग्रहाची सुधारित आवृत्ती देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी तयार केली होती. ते 1950 मध्ये गेले. बहादूरचंद छाब्रा आणि गो. स्वा. गाई यांनी ती संपादित करून पूर्ण केली आणि 1981 मध्ये ती प्रसिद्ध झाली. 31 वर्षे लागली, पण ग्रंथावर कर्ते म्हणून भांडारकरच राहिले आणि संपादक संपादकांच्या जागी राहिले. याच ग्रंथमालेतील वाकाटक राजघराण्याच्या लेखांचा खंड आपल्या नागपूरच्या वा. वि. मिराशींचा, हे तुम्हाला सांगायला नको. अशा कामाची शिस्त आपल्या गावाला परकी नाही.

म्हणून पुढचे काम करताना घाई नको, पण पद्धत हवी. कपाट उघडताना विभागातील आणखी एक सहकारी आणि ग्रंथपाल यांना सोबत घ्या, आणि वहिनी किंवा त्यांच्या घरचे कोणी येऊ शकत असेल तर त्यांनाही बोलवा. काहीही हलवण्यापूर्वी प्रत्येक कप्प्याचे छायाचित्र काढा, कारण सरांनी कोणती वही कोणत्या गठ्ठ्याशेजारी ठेवली होती यालाही अर्थ असतो. मग यादी करा: वही, तिच्यावरचा क्रमांक किंवा तारीख, पाने, आत ठेवलेले सुटे कागद. पहिल्या दिवशी फक्त यादी. वाचायला बसू नका. वाचायला बसलात तर संध्याकाळपर्यंत दुसरी वही हातात येणार नाही, आणि पहिल्याच दिवशी तुम्हाला ते झेपणारही नाही.

यादीत सर्वांत आधी शोधायचे ते मूळ कागद. महालातल्या घरांमधून सरांनी काही कागद वाचायला आणले असतील आणि ते परत करायचे राहिले असतील तर ते ना महाविद्यालयाचे, ना सरांच्या कुटुंबाचे. वहीच्या पहिल्या पानावर बहुधा घरमालकाचे नाव असेल. त्या घरी स्वतः जा, सर गेल्याचे सांगा, कागदांच्या प्रती काढण्याची लेखी परवानगी घ्या आणि मूळ कागद पोच घेऊन परत करा. ज्यांनी विश्वासाने आपल्या पणजोबांची दप्तरे काढून दिली, त्यांना सरांच्या विभागातून माणूस आलेला दिसला पाहिजे. पुढे कोणी दुसरा संशोधक त्या दारात उभा राहील तेव्हा ते दार उघडेल की नाही, हे यावर अवलंबून आहे. ज्या घरांना कागद सांभाळणे जमत नसेल त्यांना राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे नागपुरात कार्यालय आहे, हे सांगता येईल. आणि कृपा करून कोणताही जुना कागद लॅमिनेट करू देऊ नका, फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू देऊ नका. जपण्याच्या हेतूने केलेल्या या दोन गोष्टींनी फार दप्तरे गेली आहेत.

वह्यांचा हक्क कायद्याने सरांच्या वारसांकडे आहे. 1957 च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे तो हक्क चालतो, आणि जे लेखन लेखकाच्या मागे प्रथमच छापले जाते त्याची 60 वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. वहिनींनी किल्ली दिली ही त्यांची माया झाली, तिला परवानगीपत्र समजू नका. एका पानावर साध्या मराठीत लिहून घ्या की वह्या कोणाकडे राहतील, त्यांच्या प्रती कुठे ठेवल्या जातील, छापायचे ठरले तर नाव कोणाचे असेल आणि मानधन आले तर ते कोणाला जाईल. हे पत्र महिनाभराने करा, आत्ता नको. आत्ता त्यांच्यासमोर सहीसाठी कागद ठेवणे योग्य होणार नाही. सरांच्या लॅपटॉपबद्दल आणि ईमेलबद्दलही तसेच. त्यात घरच्या गोष्टी असतील. पासवर्ड मागू नका. त्यांच्या मुलाने किंवा मुलीने बसून मोडीसंबंधीच्या फाइली वेगळ्या काढून द्याव्यात.

आणि ती लाल प्रश्नचिन्हे. छापताना ती काढू नका. एखादे अक्षर तुम्हाला लागले, अगदी खात्रीने लागले, तरी सरांच्या ओळीत ते बसवून प्रश्नचिन्ह पुसू नका. सरांचे वाचन जसे आहे तसे राहू द्या आणि तुमचे वाचन चौकटी कंसात किंवा तळटीपेत, आपल्या नावाच्या आद्याक्षरासह द्या. वाचकाला कळले पाहिजे की सर इथपर्यंत आले होते आणि इथून पुढे कोणीतरी दुसऱ्याने वाचले आहे. काही प्रश्नचिन्हांचे उत्तर तुम्हालाही मिळणार नाही. ती तशीच छापा. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला तरी ती सुटतील.

सरांच्या नावाने काय सुरू करावे, याबद्दल माझे मत ठाम आहे. स्मृतिव्याख्यानाची कल्पना पहिल्याच बैठकीत पुढे येते, पहिल्या वर्षी सभागृह भरते, दुसऱ्या वर्षी वक्ता मिळायला उशीर होतो, आणि विभागात सरांना ओळखणारे कोणी उरले नाही की ते बंद पडते. निधीचा हिशेबही करून पाहा. तीन लाख रुपये जमले आणि सात टक्के व्याज मिळाले तर वर्षाला 21 हजार रुपये हातात येतात. त्यात बाहेरगावच्या वक्त्याचा प्रवास, मुक्काम, मानधन आणि सभागृहाची सजावट एवढेच भागेल. तेवढ्याच पैशांत दरवर्षी दहा दिवसांचा मोडी वर्ग घेता येतो. झेरॉक्सच्या प्रती, बोरू आणि शाई, शिकवणाऱ्याचे मानधन आणि शेवटच्या दिवशी महालात एखाद्या जुन्या वाड्यापर्यंतची फेरी. 1853 मध्ये तिसऱ्या रघूजींचे निधन झाल्यावर नागपूरच्या भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, पण त्या काळचे मोडी कागद अजून घराघरांत पडून आहेत आणि ते वाचू शकणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. सर गेल्याने त्यांतले एक कमी झाले. वर्गाला सरांचे नाव द्या. त्यातून दरसाल दोन मुले जरी मोडी वाचू लागली तरी ते व्याख्यानापेक्षा मला अधिक मोलाचे वाटते. निर्णय मात्र वहिनींना विचारल्याशिवाय जाहीर करू नका, आणि तीन महिन्यांच्या आत तर करूच नका.

वहिनींसाठी एक काम तुम्ही या आठवड्यातच करू शकता. कुटुंब निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी), भविष्य निर्वाह निधी किंवा राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतील रक्कम, गटविमा, कर्मचारी पतसंस्थेतील ठेव आणि कर्ज, या प्रत्येकासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी कागदपत्रे लागतात. महाविद्यालयाच्या लेखा विभागातील लिपिकाला सोबत घेऊन त्यांची एकच यादी करा आणि कोऱ्या अर्जांसह ती घरी पोहोचवा, म्हणजे त्यांना एकेका कागदासाठी कार्यालयात खेटे घालावे लागणार नाहीत. मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रती महानगरपालिकेतून काढून घ्यायला सांगा. पहिल्या महिन्यानंतर येणारी माणसे कमी होतात. त्या सुमारास, आधी फोन करून, अधूनमधून जात जा, शक्यतो विभागातील आणखी कोणाला घेऊन. प्रत्येक वेळी वह्यांचा विषय काढू नका.

शेवटी तुमच्याबद्दल. सरांचे टेबल रिकामे ठेवायचे की तिथे नव्या सहकाऱ्याला बसवायचे, हे विभागाने मिळून ठरवावे आणि सत्र संपेपर्यंत ते लांबवले तरी चालेल. तोवर तुम्हाला समोर पाहणे असह्य होत असेल तर तुमचे टेबल खिडकीकडे वळवून घ्या. त्यात काही वावगे नाही. दोन दिवसांची किरकोळ रजा घ्यायची असेल तर कारण न देता घ्या. झोप, भूक आणि वर्गातले लक्ष यांच्याकडे पाहा. हळूहळू त्यांची घडी बसत असेल, अधूनमधून एखादा दिवस मोडत असला तरी, काळजीचे कारण नाही. पण आठवड्यामागून आठवडे झोप येत नसेल, त्या शेवटच्या संध्याकाळीच मन अडकून राहत असेल, किंवा जगणे नकोसे वाटू लागले तर वाट पाहू नका. मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात बाह्यरुग्ण म्हणून दाखवता येते, आणि 14416 या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतून, पैसे न देता बोलता येते. हा क्रमांक तुमच्या चार विद्यार्थ्यांनाही द्या. त्यांच्यापैकी जो सर्वांत कमी बोलतो त्याला आधी द्या.

सभेचे भाषण लिहून झाले आणि कोणाला दाखवावेसे वाटले तर या सदराच्या पत्त्यावर पाठवा. मी वाचून लगेच कळवीन.